नाही म्हणणारी माणसं

"नाही," रावसाहेब म्हणाले. मान वरसुद्धा केली नाही.

बुधवार पेठेत एका जिन्याखाली त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या ह्यांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवून एवढंच विचारलं होतं, की यातलं ग्राफिक्स काढून त्याच्या जागी मोठं बसवता येईल का.

"का नाही?" ह्यांनी विचारलं.

"येत नाही म्हणून."

"अहो, तुम्ही उघडून बघितलंही नाही."

"उघडलं की येणार आहे का?"

बाहेरगावचा माणूस एवढ्यावर लॅपटॉप उचलून चालता झाला असता. आमच्या ह्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर ठाण मांडलं. मी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. आम्ही खरं तर मंडईत भाजीला निघालो होतो. पण हे असे स्टुलावर बसले की भाजी राहते, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

ह्यांचा एक सिद्धांत आहे. पुण्यातला दुकानदार नाही म्हणाला, म्हणजे वस्तू नाही असं मुळीच नाही. तुम्ही कोण, तुम्हाला ती कशाला हवी, आणि मी जागचा का उठू, एवढंच त्याला म्हणायचं असतं. मग आपण बसायचं. त्याच्या पंख्याची चौकशी करायची, रस्ता खणून ठेवल्याबद्दल महापालिकेचा उद्धार करायचा. थोड्या वेळानं दुकानदार कुरकुरत उठतो, शिडी लावतो आणि वरच्या फळीवरून नेमकी तीच वस्तू काढून आपल्यासमोर आपटतो. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे हसायचीही सोय नाही. बंद पडलेल्या कंपनीची वायपर मोटर, अख्ख्या शहरात मिळत नाही असं बेअरिंग, जुन्या लुनाची चेन, सगळं ह्यांनी असंच बसून मिळवलेलं.

रावसाहेबांनी बराच वेळ आपलं काम केलं. मग भिंगाचा दिवा बाजूला सारून म्हणाले, "काका, स्टूल तुमचंच आहे, संध्याकाळपर्यंत बसा. पण हे ग्राफिक्स म्हणजे एक चिप असते आणि ती बोर्डाला सोल्डर केलेली असते. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असता तर जुनं कार्ड उपसून नवं खोचलं असतं, त्यात काय आहे? लॅपटॉपात ती सोय नाही. दुसरा लॅपटॉप घ्या."

"म्हणजे होण्यासारखं आहे, तुम्हाला करायचं नाही," हे म्हणाले.

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

आमचे हे, म्हणजे दिगंबर, तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचे. पण शनिवार पेठेत ह्यांना शिक्षक म्हणून कोणी ओळखत नाही. ओळखतात ते देखाव्यामुळे. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा हलता देखावा वर्षानुवर्षं हेच करत आले. पुराणातला एखादा प्रसंग घ्यायचा, फायबरच्या मूर्ती उभ्या करायच्या, आणि मग आतून चेन, कप्प्या, मोटरी जोडून त्यांचे हात, माना, डोळे हलते करायचे. उत्सवात रांग पिठाच्या गिरणीच्याही पुढे जायची. लोक मुलांना खांद्यावर घेऊन उभे, आणि हे पडद्यामागे तेलाची बुधली घेऊन बसलेले. ह्यांना आपला देखावा समोरून कधी धड दिसलाच नाही. राक्षसानं डोळे गरगर फिरवले की लोकांचा जो ओरडा व्हायचा तो फक्त ऐकू यायचा, आणि तेवढ्यावर ह्यांचं पुढचं वर्ष निघायचं.

अलीकडे रांग आखडली. घरोघरी फोनवर डायनासोर धावताहेत, तिथे फायबरचा राक्षस मान हलवतो याचं कोणाला कौतुक? मंडळाचा नवा अध्यक्ष केयूर. मी शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा हा माझ्या वर्गात होता. दिवाळीनंतरच्या बैठकीत ह्यांनी पुढच्या देखाव्याचं विचारलं, तेव्हा तो ह्यांना म्हणाला, "काका, आता स्क्रीनवर करू आपण. थ्रीडी. तुम्ही कॉम्प्युटरवर करून दाखवा, आपण तेच लावू."

हे घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरले. "केयूर हो म्हणाला," म्हणाले.

"तो कशाला नाही म्हणालाय आजवर?" मी म्हटलं. गृहपाठ केला का, हो बाई. समजलं का, हो बाई. पेपर हातात आला की भोपळा.

पण ऐकतंय कोण. आमची मुलगी ओवी बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा तिचा कॉलेजातला लॅपटॉप कपाटात टाकून गेली होती. हे तो काढून बसले. व्हिडिओ बघून बघून थ्रीडी शिकायला लागले. मला वाटलं होतं, आठवड्याभरात कंटाळतील. कसले कंटाळतात! शिंगाड्याची खिचडी पुढ्यात गार होऊन जायची आणि हे हत्तीचा गुडघा वळवत बसलेले असायचे. मूर्तीच्या आत सांगाडा घालायचा, सांधे ठरवायचे, कुठला सांधा किती फिरेल ते सांगायचं, हे तर ह्यांना आयुष्यभर येतच होतं. पान्ह्याच्या जागी माउस आला, इतकंच.

प्रसंग घेतला गजेंद्रमोक्षाचा. सरोवरात मगरीनं हत्तीचा पाय धरलाय, हत्ती झुंजून झुंजून थकलाय, आणि सोंडेत कमळ उंच धरून विष्णूचा धावा करतोय. हाच देखावा ह्यांनी तरुणपणी केला होता. तेव्हा पाणी म्हणजे निळं सॅटिन, दोन रुळांवर फिरवलेलं.

"या वेळी खरं पाणी," हे म्हणाले.

आणि घोडं तिथेच अडलं. हत्ती झाला, मगर झाली, कमळाच्या पाकळ्याही एकेक करून झाल्या. पाणी घातलं की मात्र लॅपटॉप तापायचा, घोंगावायचा आणि स्क्रीन थिजायची. एक लाट उठायला सकाळ जायची, आणि ती फुटायच्या आत यंत्र बंद. वासापूजन जवळ येत चाललं होतं. मांडवाचा पहिला वासा पुजतात, त्याच्या आत देखावा पक्का व्हायला लागतो. पाण्याचं सगळं काम ग्राफिक्स करतं, हे ह्यांना कुठल्याशा व्हिडिओतून कळलं, तेव्हा ह्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग सोपं आहे, म्हणाले. मोटर कमी पडते, मोठी मोटर लावायची.

मला देखाव्याचं काही पडलेलं नव्हतं. खरं सांगते, माळ्यावर राक्षसांची धडं सांभाळून सांभाळून मी वैतागले होते. मला काळजी होती ती ह्यांची. उत्सवाचे दिवस सोडले तर ह्यांना कोणी काही विचारत नाही. भाजी कुठली आणायची हेही मीच ठरवते. हा देखावा हातचा गेला तर हा माणूस उरलेलं आयुष्य खिडकीत बसून काढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी भाजीच्या पिशव्या घेऊन दुकानादुकानातून ह्यांच्या मागे हिंडत होते.

रावसाहेबांनंतर आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे काचेचं दार, थंडगार हवा, टोकन. काउंटरवरच्या मुलीनं लॅपटॉप उलटा करून मॉडेल बघितलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर, यात ग्राफिक्स अपग्रेड होत नाही. सॉरी. रॅम वाढवून देऊ शकतो आम्ही, पण तुमचा प्रॉब्लेम त्यानं सॉल्व्ह नाही होणार." ह्यांनी बसायला जागा शोधली. तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला गेला आणि मागचा माणूस ह्यांना कोपरानं ढकलून पुढे झाला. तिथे स्टूलच नव्हतं. "हे काही दुकान नव्हे," हे बाहेर येऊन म्हणाले, आणि तो नकार ह्यांनी हिशेबातच धरला नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत एका दुकानदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरी मिक्सर आहे?"

"आहे."

"त्याला ट्रकचं इंजिन बसवून आणा. मग हे करू."

मला हसू फुटलं. ह्यांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. माणूस इतकं तिरकं बोलतोय म्हणजे नक्की जाणकार आहे, असं ह्यांना वाटलं. तिथे आम्ही दुपारची दुकानं बंद व्हायची वेळ होईपर्यंत बसलो. त्यानं शटर अर्धं ओढलं, तेव्हा उठलो.

आमच्या वरच्या मजल्यावर सुदर्शन राहतो. मूळचा यवतमाळकडचा, इथे आयटीत आहे, स्वभावानं गरीब. रविवारी मी त्याला पोहे खायला बोलावलं आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला. म्हटलं, घरच्या माणसासारख्या माणसानं सांगितलं तर पटेल.

"काका, नाही होत ना ते," तो म्हणाला. "काही जुन्या जाडजूड लॅपटॉपात ग्राफिक्सचं कार्ड वेगळं राहायचं, ते निघायचं. तुमच्यात तसं नाही. तुमच्यात चिपच बोर्डावर बसून आहे. तिच्या खाली सोल्डरचे बारीक बारीक मणी राहतात, शेकडो."

"ते मणी तापवून चिप उचलली तर?"

"उचलली तरी तिच्या जागी मोठी कोणती ठेवाल? बोर्ड तेवढाच करंट देते, पंखाही तेवढाच. आणि आतला जो प्रोग्राम आहे तो त्या नव्या चिपला ओळखतच नाही ना."

"बाहेरून?"

"बाहेरून डबा जोडता येते, त्यात मोठं कार्ड बसते. पण त्याले खास पोर्ट पाहिजे. तुमच्यात नाही तो."

ह्यांनी लॅपटॉप हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिला. एखादं भोक नजरेतून सुटलं असेल, अशा आशेनं. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिला.

"माझ्या मशीनवर करून दिलं असतं," सुदर्शन ओशाळून म्हणाला, "पण ते ऑफिसचं आहे. साधा पेन ड्राइव्हही लागत नाही त्याले." जाताना त्यानं ह्यांच्या सगळ्या कामाची कॉपी एका पेन ड्राइव्हवर काढून दिली. तेवढं शहाणपण एकट्या त्यालाच सुचलं.

ओवीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी नवीन पाठवते. चांगला, गेमिंगवाला."

"मी परत पाठवीन," हे म्हणाले. "सबंध यंत्र उत्तम चालतंय. एका मोटरीसाठी कोणी यंत्र फेकतं का?"

"बाबा, ते काय मशीन आहे का तुमचं मंडळाचं!"

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी ओवीला म्हटलं, पाठव गं तू. ती म्हणाली, आई, ते खोकं उघडणारसुद्धा नाहीत, तुला माहितेय. मला माहीत होतं.

इतक्या जणांनी सांगितलं, आणि सगळे खरं बोलत होते. एकानंही ह्यांना फसवलं नाही, एकानंही आशा लावली नाही. पण ह्यांचं सगळं आयुष्य खोट्या नकारांत गेलेलं. खरा नकार समोर येऊन उभा राहिला तरी ह्यांना ती दुकानदाराची कुरकुरच वाटली. मला इतका संताप यायचा, की कणीक तिंबताना परात ओट्यावरून सरकायची. आणि संताप ओसरला की रडू यायचं.

होकार मिळाला तो मंडईच्या मागच्या बाजूला, एका पोटमाळ्यावर. ऋषी नावाचा तिशीतला मुलगा. स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध.

"होऊन जाईल, काका," तो म्हणाला. "बसा ना. काकू, तुम्हीही बसा. चहा सांगू?"

मला तिथेच धोक्याचा वास आला. ह्यांना मात्र काय करावं सुचेना. स्टूल ओढायची तयारी करून आलेल्या माणसाला कोणी आपणहून खुर्ची दिली तर तो जरा भांबावतोच.

"कसं करणार?" मी विचारलं.

"जुनी चिप मशीननं उचलायची, काकू, आणि त्याच फॅमिलीतली मोठी ठेवायची."

"याआधी केलंय?"

"किती तरी."

"त्यातला एखादा दाखवा."

"तो गिऱ्हाईक घेऊन जातं ना, काकू," तो गोड हसून म्हणाला.

ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. जिना उतरल्यावर मी रस्त्यातच उभी राहिले. "सगळं गाव नाही म्हणतंय आणि हा एकटा हो म्हणतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," हे म्हणाले. "कोणीतरी हो म्हणणार, हे मी पहिल्यापासून सांगत होतो."

मंडईतून चालताना ह्यांनी आपणहून दोन गजरे घेतले. एक माझ्यासाठी आणि एक देवासाठी. मी तो केसात माळला नाही, पिशवीत टाकला. इतक्या आनंदात असलेल्या माणसाबरोबर चालायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

लॅपटॉप ऋषीकडे सोपवला आणि रोजची फेरी सुरू झाली. आज चिप यायचीय, आज मशीनवर लोड आहे, उद्या नक्की. ऋषीनं एकदाही आवाज चढवला नाही. हे घरी येऊन सांगायचे, फार सभ्य मुलगा आहे. वासापूजन अगदी दाराशी आलं, आणि एका दुपारी हे लॅपटॉप छातीशी धरून घरी आले. जेवणाच्या टेबलावर ठेवून बटण दाबलं. बारीकसा दिवा लागला. पंखा फिरला. स्क्रीन काळी ती काळीच.

"बोर्ड वाकला म्हणतो," हे म्हणाले. "तापवताना वाकला. वाईट वाटलं त्यालाही."

मी चहा ठेवायला गेले. परत आले तोवर ह्यांनी आपला स्क्रूड्रायव्हरचा सेट काढून लॅपटॉपची पाठ उघडली होती. माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस यंत्र यंत्र करणाऱ्या ह्यांनी ते आजवर उघडलंच नव्हतं. आतलं काम त्यातल्या माणसाकडूनच करून घ्यायचं, असा ह्यांचा नेम. हिरव्या बोर्डावर मधोमध एक काळा चौकोन होता आणि त्याच्या भोवतीचा भाग करपून तपकिरी पडला होता. हे टॉर्च लावून त्याच्या चारही कडा बघत होते. बोट फिरवून बघत होते.

"उल्का," हे म्हणाले, "याला स्क्रूच नाही गं."

मी कप खाली ठेवला.

"एकही नाही. खोबणही नाही. हे काढायचं असतं असं करणाऱ्याच्या मनातच नाही. रावसाहेब खरं सांगत होते." टॉर्च विझवून म्हणाले, "सगळेच खरं सांगत होते."

ह्यांनी झाकण लावलं, सगळे स्क्रू जागच्या जागी पिळले, एकही उरला नाही, आणि बिघडलेला लॅपटॉप फडक्यानं पुसून कपाटात ठेवला.

संध्याकाळी हे शर्ट बदलून निघाले. हातात सुदर्शननं दिलेला पेन ड्राइव्ह. "केयूरकडे जाऊन येतो," म्हणाले. "हत्ती आहे, मगर आहे, सगळी हालचाल आहे. फक्त पाणी राहिलंय. कोणाच्या तरी चांगल्या मशीनवर घालता येईल." मी पदर खोचला आणि बरोबर निघाले. ह्यांना एकट्यानं जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मंडळाचं ऑफिस म्हणजे एक लांबोडकी खोली. कपाटात बक्षिसांच्या ढाली, त्यातल्या निम्म्या ह्यांच्या देखाव्याच्या. केयूर आम्हाला बघून उठला, वाकून नमस्कार केला, पोरांना हटवून दोन खुर्च्या मोकळ्या करून दिल्या. भिंतीला लागून मोठाली खोकी रचलेली होती, त्यांवर स्क्रीनची चित्रं. शेजारी लोखंडी सांगाड्याचे नळे. मला दिसले. ह्यांनाही दिसले असणार, कारण ह्यांनी खुर्ची तिकडे पाठ करून घेतली.

ह्यांनी काही लपवलं नाही. पाणी कसं अडलं, लॅपटॉप कसा गेला, सगळं सांगितलं. "बाकी सगळं यात आहे," म्हणून पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"अरे वा! करू ना, काका. नक्की करू."

"या वर्षी?"

"बघू ना. या वर्षी, पुढच्या वर्षी. आपलंच आहे सगळं."

"म्हणजे या वर्षी नाही."

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग आहे?"

"काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ. होऊन जाईल."

हे खुर्चीत पुढे सरकले. "केयूर," म्हणाले, "तू एकदा मला नाही म्हण."

"काय काका!"

"म्हण ना रे. तू नाही म्हणालास तर मी इथे बसेन. भांडेन तुझ्याशी, तुला पटवेन. नाहीच पटलं तर उठून घरी जाईन. पण तू हो म्हणतोस. हो म्हणणाऱ्यापुढे मी काय करू?"

कोणाचा तरी फोन वाजत होता, तो त्यानं बंद केला. मी मनातल्या मनात केयूरला विनवत होते, म्हण रे बाबा. दोन अक्षरं तर आहेत. आयुष्यात एकदा तरी खरं उत्तर दे.

केयूरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याला फटकावून काढावंसं वाटलं. "तुम्हाला नाही कसं म्हणू, काका?" तो म्हणाला. "तुमच्या देखाव्यापुढे बाबांच्या खांद्यावर बसून मोठा झालोय मी. उलट आम्ही तर यंदा तुमचा सत्कार ठेवलाय! पहिल्याच दिवशी, स्टेजवर. सरप्राइज होतं, पण आता सांगूनच टाकतो."

"नको," हे म्हणाले.

केयूर डोळे पुसत हसला. "बघा रे, काका नको म्हणतायत. पुण्याचा माणूस, पहिल्या फटक्यात हो म्हणेल का?"

सगळी खोली हसली. जीव भांड्यात पडल्यासारखी हसली.

"अरे, खरंच नको आहे मला सत्कार."

"काका, शाल आणून झालीय."

"केयूर," मी वर्गात काढायचे तो आवाज काढला, "ते नको म्हणतायत. तुला ऐकू येत नाही का?"

"बाई, तुम्ही पण ना!" तो म्हणाला, आणि दोन पोरांना खूण केली.

त्यांनी कोपऱ्यातला एक फ्लेक्स आणून जमिनीवर उलगडला. पुरुषभर उंचीचे हे. कपाळाला गुलाल, तोंडभर हसू, खाली मोठ्या अक्षरांत 'ज्येष्ठ कार्यकर्ते'. ह्यांनी वाकून पाहिलं.

"हा फोटो कधीचा?" ह्यांनी विचारलं.

"गेल्या विसर्जनाचा, काका. त्या मिरवणुकीतच ठरवलं आम्ही सगळ्यांनी. काकांनी खूप केलं, आता त्यांना आराम द्यायचा, आणि मोठा सत्कार करायचा."

गेलं विसर्जन. म्हणजे दिवाळीनंतर ती बैठक झाली, केयूर ह्यांना करून दाखवा म्हणाला, तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं. ह्यांनी हत्तीचा पहिला सांधा बसवला, त्याच्याही आधी. जगातलं सगळ्यात मोठं ग्राफिक्स त्या लॅपटॉपात कोणी बसवून दिलं असतं, सगळं सरोवर लाटांनी उसळलं असतं, तरी काहीही बदलणार नव्हतं. हे मला जितक्या लख्खपणे कळलं, तितकंच ह्यांनाही कळलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भांडतील, ओरडतील, निदान पेन ड्राइव्ह उचलून ताडकन निघतील, असं मला वाटलं. मी पिशवी खांद्याला लावून तयारही झाले.

पोरं फ्लेक्स गुंडाळायला लागली होती. घाईघाईनं, वाकडातिकडा. ह्यांच्या चेहऱ्यावरच चुणी पडत होती.

"असा नाही गुंडाळायचा," हे म्हणाले. "छाप आत घेतला की रंग तडकतो. छाप बाहेर ठेवायचा."

"असा, काका?"

"थांब."

हे खुर्चीवरून उठले, गुडघ्यांना हात देत जमिनीवर बसले, आणि आपला फ्लेक्स पुन्हा सबंध उलगडून, दोन्ही तळव्यांनी सारखा करत, कडेला कड जुळवून नीट गुंडाळून दिला. केयूरनं तो घेतला आणि बाकीच्या फ्लेक्सबरोबर कोपऱ्यात उभा करून ठेवला.